पाऊण श्वास

फुप्फुसांचे फोटो काढण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. हे कुणाला सांगितलं की हमखास दोन प्रश्न येतात. "म्हणजे तुम्ही डॉक्टर का?" नाही. "मग टेक्निशियन?" तेही नाही. यावर समोरचा माणूस "असं होय" म्हणतो आणि चहाचा कप उचलतो. माझ्या सासूबाईंनी सगळ्यांसाठीच सोपं करून ठेवलं होतं. आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची सून अजून शिकतेच आहे." त्या गेल्या तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते.

सुरुवात फोटोंपासून नव्हती झाली, जीन थेरपीपासून झाली होती. काही मुलं जन्मतःच एक बिघडलेलं जनुक घेऊन येतात. त्यांच्या छातीतला कफ डिंकासारखा घट्ट होतो, साचून राहतो, त्यात जंतू घर करतात आणि फुप्फुस हळूहळू कामातून जातं. त्या पेशींपर्यंत चांगल्या जनुकाची प्रत पोचवायची, तीही श्वासातून, वाफाऱ्यासारखी. ऐकायला किती सोपं! पंचविशीत मला वाटायचं, पाच वर्षांत होऊन जाईल. उंदरांमध्ये झालंही. उंदीर बरे करण्यात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण गाडी माणसांपर्यंत येईस्तोवर माझ्याबरोबरचे निम्मे परदेशी गेले, उरलेले मीटिंगांना जाऊन बसले, आणि मी फोटोंकडे वळले. औषध आत पोचलं का, त्यानं काही फरक पडला का, हे कुणीतरी बघायला तर हवंच होतं.

इथल्या एका मोठ्या रुग्णालयाला जोडलेलं संशोधन केंद्र आहे, तिथे मी काम करत आले. पद 'प्रकल्प शास्त्रज्ञ', म्हणजे प्रकल्प आहे तोवर शास्त्रज्ञ. दरवर्षी मार्चमध्ये मी माझ्याच खुर्चीसाठी अर्ज करायचे. एका वर्षी तर मुलाखतीला बसायला खुर्ची कमी पडली, तेव्हा शिपायानं माझ्याच खोलीतली आणून दिली. सगळे हसले. मीही हसले, न हसून सांगते कुणाला?

आता तो नियम. या सगळ्या प्रकरणाचं मूळ तो नियम आहे आणि तो मी केलेला आहे. सीटी स्कॅन करताना माणसानं छातीभर श्वास घेऊन बारा आकडे होईपर्यंत धरून ठेवायचा असतो. तेवढ्यात खोकला आला, हललं, की फोटो पुसट येतो. एकदा आमचा एक शोधनिबंध बाहेरच्या परीक्षकानं 'आधी नीट फोटो काढायला शिका' अशा थाटात परत पाठवला. मला ते इतकं झोंबलं की पुढच्या सोमवारी मी कागद टाइप करून भिंतीवर चिकटवला. हललेला फोटो बाद, सबब ऐकली जाणार नाही. तेव्हापासून माझं नाव झालं. बाईंच्या हाताखालून हललेला फोटो जात नाही, असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

त्या नियमात एक खोट होती, ती मला उशिरा दिसली. श्वास धरता येत नाही कुणाला? जो सगळ्यात जास्त आजारी असतो त्याला. म्हणजे आम्ही सगळ्यात आजारी माणसं वेचून बाहेर काढत होतो आणि उरलेल्यांचे सुंदर फोटो बघत बसलो होतो. एका मीटिंगमध्ये मी हे बोलून दाखवलं. आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात, चष्मा पुसत म्हणाले, "मुद्दा चांगला आहे. पुढच्या वेळी बघू." पुण्यात 'पुढच्या वेळी बघू' याचा अर्थ काय होतो ते मी सांगायला नको. आणि मीही पुन्हा विषय काढला नाही. नियम माझा होता ना.

मग खरोखरच ती ट्रायल आली. वाफाऱ्यातून जनुक देण्याची, माणसांवर, आमच्या केंद्रात! परदेशी कंपनीची होती, आमच्याकडे जागा अवघ्या चार. पण मी त्या दिवशी घरी पेढे नेले. अर्धं आयुष्य ज्याची वाट बघितली ते दारात आलं होतं. अटी कडक होत्या. आजार फार थोडा असून चालणार नाही आणि हाताबाहेर गेलेला असूनही चालणार नाही. हे ठरणार एका सीटी स्कॅनवरून. फोटोवरचं नाव काढायचं, नुसता क्रमांक ठेवायचा, तिकडे पाठवायचा आणि तिथला कंप्युटर मोजून सांगणार, घ्या किंवा नको. स्कॅन एकदाच. काही तांत्रिक चूक झाली असं केंद्रानं लेखी कळवलं तरच दुसऱ्यांदा. आणि जो माणूस फोटोचा दर्जा तपासतो, म्हणजे मी, त्यानं पेशंटशी बोलायचं नाही. श्वास कसा घ्यायचा ते टेक्निशियन छापील कार्डावरून वाचून सांगणार. ही अटही बरोबरच होती.

एका सकाळी स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर स्टीलचा डबा. शेजारी एकोणीस वर्षांची मुलगी, हडकुळी, डोळे मात्र तरतरीत. "ताई," त्या बाईंनी मला हटकलं, "ते दमाचा फोटो काढत्यात ते ह्येच का?" मी नुसतं "हो" म्हणून पुढे जायला हवं होतं. मी थांबले.

त्या लोणी काळभोरच्या. तिथल्या एका कॉलेजच्या मेसमध्ये चपात्या लाटायच्या. पहिला मुलगा आठ महिन्यांचा असताना गेला. "निमोनिया म्हनले. आता कळतंय, त्येबी ह्येच असंल." हे त्यांनी डब्याचं झाकण बसवता बसवता सांगितलं. मुलगी कॉम्प्युटर शिकत होती. तिला खराडीच्या आयटी पार्कात नोकरी हवी होती. मी विचारलं, खराडीच का? तर म्हणते, "मॅडम, तिकडे फुल एसी असतं. डस्ट नाही. माझ्या लंग्जना सूट होईल." माझा नवरा त्याच खराडीत वीस वर्षं एसीत बसून कावलेला आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

त्या दिवशी टेक्निशियननं तिची नुसती तालीम घेतली, मशीन बंद ठेवून. छातीभर श्वास घ्या, धरा. तिनं घेतला आणि खोकल्याची उबळ आली. पुन्हा घेतला, पुन्हा उबळ. तिसऱ्यांदा तर डोळ्यांतून पाणी आलं. टेक्निशियन म्हणाला, स्कॅन पुढच्या मंगळवारी आहे, तेव्हा असं झालं तर फोटो बाद. "असा कसा बाद?" आई म्हणाली. "आजारी मानूस खोकणार न्हाई तर काय करंल? कुनी केलाय हो ह्यो नियम?" टेक्निशियननं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "असतो तसा नियम."

आणि मग ते झालं. त्या दोघी जिन्यापाशी पोचल्या तेव्हा मी मागून गेले. मुलीला म्हणाले, "हे बघ, छाती पूर्ण भरलीस की आत ताण येतो आणि खोकला येतो. पूर्ण नको घेऊस. पाऊण घे. पण मग अजिबात हलायचं नाही. दगड हो." ती म्हणाली, "मॅडम, मी काय पाणबुडी आहे का?" आईनं तिच्या पाठीत हलकेच धपाटा घातला आणि मला विचारलं, "किती टाईम धरायचा?" मी म्हणाले बारा आकडे. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. "म्हंजी एक चपाती फुगंस्तवर. घेते करून रोज." वर म्हणाल्या, "ताई, लई उपकार झाले." उपकार! 

मंगळवारी त्या आल्या त्या हसतच. "आता दीड चपाती धरती," आई म्हणाली. मी काचेपलीकडे पडद्यासमोर बसले होते. फोटो उमटला आणि माझ्या तोंडून "वा!" निघालं. पंचवीस वर्षांत असा फोटो पाहिला नव्हता. बारीकातली बारीक नळी धारदार. फांदीला फांदी, फांदीला डहाळी. मुलगी मशीनमध्ये खरंच दगड झाली होती. मी टेक्निशियनला म्हणाले, "शिका, याला म्हणतात फोटो." संध्याकाळी जेवताना नवऱ्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "बरंय, कोशिंबीर वाढ."

दहा दिवसांनी तिकडून उत्तर आलं. अपात्र. आजार मर्यादेपलीकडे गेलेला.

मी ते तीनदा वाचलं. हे शक्यच नव्हतं, तिच्या बाकीच्या सगळ्या तपासण्या मध्यम आजाराच्या होत्या. मग मी फोटो उघडला आणि एरवी कधी मोजत नाही ते मोजलं. फुप्फुसात हवा किती?  पोरीनं पाऊण श्वास घेतलाच नव्हता. आठवडाभर चपातीवर सराव करून करून, खोकला येऊ नये म्हणून, ती पाऊणावरून अर्ध्यावर आली होती. अर्धवट फुगलेलं फुप्फुस फोटोत दाट दिसतं, जशी न फुगलेली चपाती जाड दिसते तशी. आणि कंप्युटरला एवढंच कळतं, दाट म्हणजे आजारी. त्यानं तिचा अर्धा श्वास तिच्या आजारात धरला होता.

हे मला माहीत नव्हतं का? अहो, हे मी शिकवते! विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला शिकवते की फुप्फुस भरलेलं नसेल तर मोजमापाला काडीचा अर्थ नाही. पण हलू नये, हलू नये, हलू नये हे इतकी वर्षं घोकलं होतं की जिन्यापाशी मला दुसरं काही सुचलंच नाही. मी माझ्या नियमातून तिला सोडवायला गेले आणि तिच्याच गळ्यात धोंडा बांधला. इतकी मूर्ख चूक कुणी अडाणी माणूस करणार नाही. त्याला पंचवीस वर्षांचा अनुभव लागतो.

उपाय मात्र सोपा होता. सरांच्या सहीनं एक पत्र. 'सहभागी व्यक्तीला श्वासाबाबत चुकीची सूचना दिली गेली, स्कॅन पुन्हा करावा.' कुणी दिली, हेही लिहावं लागणार होतं.

मी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत, ते कधीच रागावत नाहीत, तीच तर पंचाईत आहे. "आपण लिहून द्या," म्हणाले, "मी आजच पुढे पाठवतो. नंतर काय होईल ते आपल्याला माहीत आहेच." मला माहीत होतं. दर्जा तपासणाऱ्या बाईनंच पेशंटला शिकवलं, म्हणजे आमच्या केंद्राचे सगळेच फोटो संशयात. ट्रायलमध्ये आधी घेतलेल्या दोन पेशंटांचं औषधही थांबणार. "एका मुलीसाठी बाकीच्यांचं थांबवायचं का, याचाही विचार करा," सर म्हणाले. मग कॅलेंडरकडे बघत हळूच जोड दिली, "आणि शुक्रवारी आपली मुलाखतही आहे. या वेळी कायम पदाची आहे. इतक्या वर्षांनी जागा निघाली आहे."

बाकीच्यांचा विचार! तो मी लगेच पदरात घेतला. खोटं कशाला बोलू, तो मुद्दा खराच होता, पण मला तो खरा असण्यापेक्षा सोयीचा जास्त होता. घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लिहून टाक. फार तर काय, नोकरी जाईल." ज्याची नोकरी जाणार नसते त्याला हे बोलणं फार सोपं असतं. मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला. आत येताना एवढंच म्हणाला, "मग मला विचारलंस कशाला?"

मी पत्र लिहिलं. बुधवारी लिहिलं. मजकूर अजून पाठ आहे. पण सरांकडे पाठवलं नाही. मनाशी ठरवलं, शुक्रवारची मुलाखत होऊ दे, सोमवारी सकाळी पहिलं काम हेच. चार दिवसांनी काय बिघडतंय? जागा अजून दोन शिल्लक होत्या.

शुक्रवारची मुलाखत झाली. समितीतल्या एकानं विचारलं, तुमच्या कामातली सर्वात अभिमानाची गोष्ट कोणती? मी म्हणाले, दर्जा. जीभ चाचरली नाही. शनिवारी सरांचा फोन आला, अभिनंदन. सोमवारी मी साडेनऊला पोचले, कंप्युटर उघडला, पत्र उघडलं. त्याच्या वरच कंपनीची मेल येऊन पडली होती. दुसऱ्या शहरातल्या केंद्राकडे पेशंट जास्त होते म्हणून आमच्या उरलेल्या दोन जागा तिकडे दिल्या, भरती बंद झाली. वेळ बघितली, शनिवारी दुपारची. म्हणजे मी घरी अभिनंदनाचे फोन घेत होते तेव्हाची.

मी पत्र पाठवलं का? नाही. आता काय उपयोग, असं स्वतःला सांगितलं. उपयोग होता. निदान त्या मायलेकींना कळलं असतं की चूक कुणाची.

निकाल सांगण्याचं काम खरं तर डॉक्टरांचं, पण त्या बाई मलाच शोधत आल्या. माझ्याशिवाय तिथे त्यांच्या ओळखीचं होतं कोण? मुलगी जरा लांब उभी राहून मोबाइल बघत होती, म्हणजे बघितल्यासारखं करत होती. मी म्हणाले, "फोटोत नाही जमलं." तीन शब्द. यातला एकही शब्द खोटा नाही, हे माझं शिक्षण. बाई डब्याचं झाकण उघडू लागल्या. "हलली असंल," म्हणाल्या. "घरी तर चांगली धरत व्हती." मी तेव्हाही बोलले नाही. त्यांनी डब्यातून तीन चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून माझ्या हातात ठेवली. मला देण्यासाठी मुद्दाम आणली होती, निकाल काहीही लागो म्हणून. मी ते खाल्लं. टाकून देण्याइतकाही स्वाभिमान माझ्यापाशी उरला नव्हता.

त्या दोघा पेशंटांचं बरं चाललंय असं ऐकते. कायम झाल्यावर मला नवी खोली मिळाली, खिडकीची. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, झालं वाटतं एकदाचं शिक्षण.

गेल्या हिवाळ्यात केंद्राच्या वर्धापनदिनाला वैज्ञानिक छायाचित्रांची स्पर्धा होती. सरांनी मला न विचारता तो फोटो दिला, नाव नसलेला, नुसत्या क्रमांकाचा. पहिलं बक्षीस मिळालं. मला शाल आणि नारळ. फोटो मोठा करून, निळसर रंग देऊन, चौकटीत घालून स्कॅनच्या खोलीबाहेर लावला, बरोबर त्या बाकाच्या वर. मी म्हणू शकले असते, नका लावू. ते मी म्हटलं नाही, याचीही नोंद असू दे.

त्या मायलेकी दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात. मला बाहेरूनच आवाज कळतो, मग मी खोलीतून निघत नाही. पण मागच्या महिन्यात मला स्कॅनच्या खोलीत जायचंच होतं आणि त्या दोघी बाकाशी उभ्या होत्या. मुलीनं कॉलेज सोडलंय. तिच्या नाकाला नळी आणि खांद्याला ऑक्सिजनचं छोटं यंत्र, दप्तर अडकवावं तसं. खराडीचं मी विचारलं नाही, तिनंही काढलं नाही. ती मान वर करून फोटो बघत होती.

"मॅडम, कोणाचे लंग्ज आहेत हे?" तिनं विचारलं. दोन वाक्यांमध्ये तिला थांबावं लागत होतं. "कसले क्लिअर आलेत!"

मी म्हणाले, "आहे एका पेशंटचा. जुना."

आईनं चौकटीच्या काचेवर बोट ठेवलं. "बघ," ती लेकीला म्हणाली, आवाजात राग नव्हता, नुसता दमलेपणा होता. "ह्याला म्हनत्यात दम धरनं. जरा म्हनून हललं न्हाई. ताईंनी तुला येवढं शिकवलं व्हतं. असा धरला असतास तर आज तुझाबी नंबर लागला असता."

आधी त्या मुलीला मी बघितलं होतं, नंतर खोलीतून ऐकलंही होतं. टेक्निशियनला, डॉक्टरांना, आईला, मला, ती कुणालाही उलट उत्तर दिल्याशिवाय सोडायची नाही. त्या दिवशी ती स्वतःच्याच फोटोखाली उभी होती. तिनं मान खाली घातली आणि म्हणाली, "सॉरी, मम्मी."

मी दार लोटून आत गेले. आत टेक्निशियन कुणाला तरी सांगत होता, छातीभर श्वास घ्या आणि धरून ठेवा.